निपाणी डेपो, धुण्याचा रॅम्प

दंगा मिटला की गाड्या लगमव्वाकडे येतात.
"परिस्थिती पूर्वपदावर" असं पेपरात छापून यायच्या आदल्या रात्री
ती रॅम्पवर बसलेली असते, ओचा खोचून,
एका डब्यात रॉकेल, एकात राख,
आणि कोगनोळी नाक्यावरनं माघारी वळवलेल्या
सहा-सात गाड्या समोर,
तोंडाला काळं फासलेल्या.

कुणी फासलं ते ती विचारत नाही.
काय फासलं ते बघते.
डांबर चिवट. ऑइल पेंट त्याहून.
शाई बरी, म्हणते,
शाईवाली पोरं गरिबाघरची असतात.

वाचता येत नाही तिला.
कानडी म्हणजे काकडीच्या वेलाचे आकडे,
मराठी म्हणजे दोरीवर वाळत घातलेलं.
फडकं फिरतं, काळ्याखालून
कधी वेल निघतो, कधी दोरी.
तिला दोन्ही पाट्यांचे पैसे सारखेच.

हिशोब ती मराठीत करते, शिव्या कानडीत देते.
नवरा गेला तेव्हा कशात रडली
ते तिलाही सांगता येत नाही.
बसाप्पा. हमाल होता, तंबाखूच्या वखारीत.
बंदच्या दिवशी पोतं पोचवायला निघाला
आणि दगड लागला.
पुढं फलक लागले, हार पडले, नावं वाचली गेली.
ती दोन्हीकडं जाऊन विचारून आली.
एकानं आडनाव विचारलं.
दुसऱ्यानं विचारलं, पडला तेव्हा
तोंड कुणीकडं होतं त्याचं?
"खाली," ती म्हणाली,
"पाठीवर पोतं होतं की."

मी कंडक्टर. बेळगाव-कोल्हापूर.
कानडीची परीक्षा तिसऱ्या खेपेला निघाली
तेव्हा वडील आठ दिवस बोलले नाहीत,
मग पगार झाला, बोलले.
पॅसेंजर ज्या भाषेत चढतो
त्या भाषेत मी सुटे मागतो.
एवढंच माझं धोरण.

परवा मुक्कामाला होतो, झोप येईना,
म्हणून तिच्या जोडीला बसलो.
भंगारात निघायची एक जुनी गाडी,
तिचंही तोंड कुणी सोडलं नव्हतं.
काळं गेलं, खालचा लाल रंग पोपडे धरून सुटला,
आणि त्याच्याखाली अजून एक काळं.
जुनं. अकरा वर्षांचं तरी.

लगमव्वानं कंदिलासारखी मोबाइलची बत्ती धरली.
"ह्यो बघ तम्मा, फरकाटा.
समद्यांचा हिकडनं तिकडं जातोय,
ह्यो तिकडनं हिकडं आलाय.
डावरा होता बघ कोण तरी."

मी माझ्या फडक्याकडं बघितलं.
ते माझ्या डाव्या हातात होतं.

कॉलेजची गल्ली आठवली, दिलावरच्या गॅरेजमधनं
उधार आणलेला डबा,
(त्यानं विचारलं होतं, कशाला रे? मी म्हटलं, गेटला.)
पळताना चपलेचा तुटलेला अंगठा.
एवढंच आठवलं. घोषणा कुठली होती, नाही.

ती काही बोलली नाही.
माझ्या फडक्यावर थोडं रॉकेल ओतलं.
"जसा वडलाय तसाच उलटा घासायचा.
खरं, जोर नको.
खालची अक्षरं जात्यात."

मी घासत राहिलो.
एक वेलांटी दिसली, मग गावाचं अर्धं नाव,
मग तेही फिकट होत गेलं,
तरी घासत राहिलो.

"साकु," ती म्हणाली.
आणि मला ऐकू गेलं नाही असं वाटून
मराठीत म्हणाली,
"बास की. पत्रा दिसाय लागला."

पहाटेच्या पहिल्या खेपेला
साबण दोनदा लावूनही वास गेला नव्हता.
संकेश्वरला चढलेल्या एका बाईनं नाक मुरडलं,
सुटे पैसे माझ्या तळहातावर
लांबूनच टाकले,
आणि तिकीट कुठल्या भाषेत मागितलं
ते मी ऐकायचंच विसरलो.